बालकाची निद्रा-तपासणी : एका रात्रीचे मोल

आपल्याकडे मोठ्यांच्या घोरण्याची थट्टा होते, तर लहान मुलाच्या घोरण्याचे कौतुक होते. दिवसभर खेळून दमलेले मूल तोंड उघडे टाकून घोरू लागले की ‘किती गाढ झोपला आहे’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. पुष्कळदा त्यात काळजीचे कारण नसते. परंतु जे मूल सर्दी नसतानाही आठवड्यातील बहुतेक रात्री घोरते, ज्याचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटून मग धापेसारखा सुरू होतो, जे मान मागे टाकून झोपते, घामाने भिजते किंवा सुटलेली सवय पुन्हा लागून अंथरूण ओले करते, त्याची झोप गाढ नव्हे तर तुटक असण्याची शक्यता असते. घशातील गिलायू (टॉन्सिल) आणि नाकामागील ॲडिनॉइड या ग्रंथी वाढल्याने झोपेत श्वासमार्ग अरुंद होतो आणि श्वासाला अडथळा येतो. या विकाराला निद्राश्वासावरोध म्हणता येईल. विविध देशांतील पाहण्यांवरून साधारणतः शंभरातील एक ते पाच मुलांना तो असावा, असे मानले जाते.

या विकाराची खात्रीशीर निदानपद्धती म्हणजे रुग्णालयात एक रात्र काढून केली जाणारी निद्रा-तपासणी होय. ती वेदनारहित आहे. तिच्यात सुई नाही, शस्त्र नाही, भूलही नाही. तरीही दोन ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती सहजासहजी पार पडत नाही. कारण या तपासणीत मुलाने झोपणे आवश्यक असते आणि झोप ही कोणाच्या आज्ञेने येणारी गोष्ट नाही. म्हणूनच या तपासणीचे यश यंत्राइतकेच बालकाच्या पूर्वतयारीवरही अवलंबून असते.

विकाराचे सामाजिक मूल्य

निद्राश्वासावरोध झालेले प्रौढ दिवसा पेंगतात. मुलांचे चित्र बरेचदा याच्या उलट दिसते. झोप अपुरी झालेले मूल चिडचिडे, चंचल आणि एकाग्रता नसलेले होते. परिणामी त्याच्यावर ‘खोडकर’ किंवा ‘अभ्यासात मंद’ असा शिक्का बसतो. अमेरिकेतील डेव्हिड गोझल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलीच्या वर्गातील, गुणांनुसार तळाच्या दहा टक्क्यांत मोडणाऱ्या २९७ मुलांची पाहणी केली होती. त्यांपैकी ५४ मुलांच्या, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांच्या, झोपेतील श्वसनात दोष आढळला. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांचे गुण पुढील वर्षी सुधारले. ज्यांच्या पालकांनी उपचार घेतले नाहीत, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही.

याचा अर्थ प्रत्येक घोरणाऱ्या मुलावर शस्त्रक्रिया करावी, असा नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५ ते ९ वर्षे वयाच्या ४६४ मुलांची दोन गटांत विभागणी केली होती. शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७९ टक्के मुलांची निद्रा-तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली; पण केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या गटातही ४६ टक्के मुले आपोआप सामान्य झाली. वागणूक व जीवनमान शस्त्रक्रियेने सुधारले. लक्ष व नियोजनक्षमतेच्या औपचारिक कसोट्यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा कोणत्या मुलाला शस्त्रक्रियेची गरज आहे आणि कोण काही महिने थांबू शकते, हे ठरविताना विश्वसनीय मापनाला महत्त्व येते. चुकीची शस्त्रक्रिया आणि टळलेली शस्त्रक्रिया या दोन्हींची किंमत कुटुंबाला मोजावी लागते.

तपासणीत काय मोजले जाते?

निद्राशास्त्राच्या आधुनिक इतिहासाचा आरंभच एका मुलाच्या झोपेपासून झाला. शिकागो विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी युजीन ॲसेरिन्स्की यांनी १९५१ साली आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती व डोक्याला विद्युत्-अग्रे लावून रात्रभर नोंदी घेतल्या. झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होते, असे त्यांना दिसले. नॅथनिएल क्लाइटमन यांच्यासह त्यांनी १९५३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९७६ साली क्रिस्तियां गियेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांमधील निद्राश्वासावरोधाचे सविस्तर वर्णन केले.

आजच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला व पायांना छोटी विद्युत्-अग्रे चिकटविली जातात. छाती व पोट यांभोवती मऊ पट्टे बांधतात. नाकाशी बारीक नळी असते आणि बोटाला किंवा अंगठ्याला प्राणवायूचे प्रमाण मोजणारे लाल प्रकाशाचे उपकरण असते. मुलांमध्ये कार्बन डायऑक्साइडही मोजणे इष्ट मानले जाते. खोलीत अंधारात चित्रण करणारा कॅमेरा असतो आणि तंत्रज्ञ शेजारच्या खोलीतून रात्रभर लक्ष ठेवतो. ही सर्व जुळवणी होण्यास पाऊण ते एक तास लागतो. मुलाच्या सहनशीलतेची खरी परीक्षा त्या तासातच होते.

मोठ्यांचे निकष मुलांना लागू पडत नाहीत. प्रौढांत श्वास किमान दहा सेकंद थांबला तरच त्याची नोंद होते. मुलांत दोन श्वासांइतका खंडही मोजला जातो. प्रौढांत तासाला पाचपेक्षा कमी अडथळे सामान्य समजतात; मुलांत तासाला एकाहून अधिक अडथळाही असामान्य ठरतो. इतक्या सूक्ष्म मापनासाठी पुरेशा तासांची स्वाभाविक झोप आवश्यक असते. स्वप्नांच्या, म्हणजेच डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, झोपेत हे अडथळे अधिक येतात आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते. म्हणूनच मध्यरात्री रडून उठलेल्या मुलाला घेऊन घरी परतलेल्या कुटुंबाच्या हाती बहुधा अपुरी माहिती उरते.

रात्र : एक दुर्मिळ साधन

अर्थशास्त्राच्या दृष्टीने निद्रा-प्रयोगशाळेतील खरे दुर्मिळ साधन ‘रात्र’ हे आहे. रक्ततपासणीचे यंत्र दिवसाला शेकडो नमुने हाताळते; निद्रा-प्रयोगशाळेतील एक खाट एका रात्रीत एकच मूल तपासते. शिवाय लहान मुलांसाठी बहुधा एका मुलामागे एक तंत्रज्ञ द्यावा लागतो. आठवड्याला पाच रात्री चालणारी खाट वर्षाला जास्तीत जास्त २६० मुलांना सेवा देऊ शकते. उदाहरणादाखल दहातील एक रात्र वाया जाते असे धरले, तर वर्षात २६ रात्री बुडतात आणि प्रतीक्षायादी पाच आठवड्यांहून अधिक लांबते. यंत्र तेच, कर्मचारी तेच आणि खर्चही तोच; उत्पादन मात्र घटलेले.

राजधानी परिसरात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेत तसेच मोठ्या खासगी रुग्णालयांत ही सोय आहे. तेथे येणारी मुले केवळ दिल्लीची नसतात. गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद, मेरठ, सोनीपत येथून आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या दूरच्या जिल्ह्यांतूनही कुटुंबे येतात. रोजंदारीवर जगणाऱ्या पालकाच्या दृष्टीने एका रात्रीच्या तपासणीचा अर्थ दोन दिवसांची मजुरी, प्रवासखर्च आणि घरी राहिलेल्या भावंडांची व्यवस्था असा असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय असली, तरी बुडालेली मजुरी या आकड्यांत येत नाही. फसलेली रात्र पुन्हा घ्यावी लागते, तेव्हा हा अदृश्य खर्च दुप्पट होतो.

घरची तयारी

पूर्वतयारीचे पहिले तत्त्व सत्यकथन हे आहे. ‘फिरायला जायचे आहे’ असे सांगून मुलाला रुग्णालयात आणले, तर तारा दिसताच त्याचा विश्वास ढळतो आणि मग कोणाचीच समजूत उपयोगी पडत नाही. आपल्या घरांत मुलाला गप्प करण्यासाठी ‘डॉक्टर सुई टोचतील’ अशी भीती घालण्याची प्रथा आहे. तपासणी ठरल्यापासून तरी ती कटाक्षाने टाळावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला आठ दिवस आधी सांगितल्यास निष्कारण धास्ती वाढते. दोन-तीन दिवस आधीचा काळ पुरेसा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला थोडे आधी सांगून प्रश्न विचारण्यास अवसर द्यावा.

सांगण्याची भाषा साधी असावी. ‘रात्री तू कसा श्वास घेतोस ते डॉक्टरांना पाहायचे आहे. ते तुझ्या डोक्याला आणि छातीला छोटी बटणे चिकटवतील. दुखणार नाही, पण थोडे गार आणि चिकट लागेल. आई जवळच असेल. सकाळी बटणे काढली की आपण घरी यायचे.’ एवढ्यात सर्व येते. चिकट लागेल, नाकातील नळीने गुदगुल्या होतील, हेही सांगून ठेवावे. अपेक्षित गोष्ट घडली की मूल तितकेसे बिथरत नाही.

दुसरे तत्त्व सरावाचे. घरातील बाहुलीला किंवा अस्वलाला मुलाच्या हातून चिकटपट्ट्या लावून घ्याव्यात, पोटाला ओढणी गुंडाळावी, बोटाला कागदाचे टोपण घालावे. मग तोच खेळ मुलावर करावा. गालाला कागदी चिकटपट्टी लावून दहा मिनिटे गोष्ट ऐकणे, कपाळाला रुमाल बांधून झोपणे, नाकाखाली मऊ दोरी सहन करणे, या गोष्टी दोन-तीन रात्री केल्या, तरी तपासणीच्या वेळचा प्रतिकार कमी होतो. काही मुले पट्टी काढताना अधिक घाबरतात. म्हणून ती ओली करून हळू काढण्याचाही सराव व्हावा. पट्टीने अंगावर पुरळ उठत असेल, तर तंत्रज्ञाला आधीच कळवावे.

तिसरा मुद्दा सोबतीचा. रुग्णालये सामान्यतः एकाच व्यक्तीला मुक्कामाची परवानगी देतात आणि बहुधा आईचे नाव गृहीत धरले जाते. एकत्र कुटुंबात मात्र मुलाला झोपविण्याचे काम अनेकदा आजीकडे असते. जिच्या कुशीत मूल रोज झोपते, तीच व्यक्ती सोबत असणे हिताचे. भारतीय मुले सहसा मोठ्यांशेजारी झोपतात, तर प्रयोगशाळेत मुलाची खाट वेगळी असते. झोप लागेपर्यंत हात धरून बसायचे आणि मग शेजारच्या खाटेवर जायचे, असा क्रम घरीच काही रात्री पाळून पाहावा.

दिल्लीत राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांसमोर भाषेचा प्रश्नही येतो. घरी केवळ मराठी, बंगाली किंवा मैथिली बोलणाऱ्या मुलाला तंत्रज्ञाची हिंदी समजेलच असे नाही. ‘शू’, ‘पाणी’, ‘दुखतंय’ यांसाठी मूल कोणते शब्द वापरते, हे तंत्रज्ञाला सांगून ठेवणे ही क्षुल्लक वाटणारी पण मोलाची बाब आहे.

तपासणीचा दिवस

त्या दिवशी मुलाला न्हाऊ घालून केस पूर्ण कोरडे करावेत. तेल मुळीच लावू नये, कारण तेलकट त्वचेवर विद्युत्-अग्रे टिकत नाहीत. डोळ्यांतील काजळ, गालावरील तीट, पावडर व क्रीम पुसून काढावे. बोटांवरील नखरंगामुळे प्राणवायूच्या मापनात दोष येऊ शकतो. केस कापण्याची मात्र गरज नसते. न काढलेले जावळ किंवा शीख बालकाचा केशसंभार यांना धक्का न लावता केस बाजूला सारून अग्रे बसविता येतात. पालकांना हे आधी सांगितले, तर मोठी शंका दूर होते.

दुपारनंतर चहा, कोलायुक्त पेये व चॉकलेट देऊ नये. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि मूल लवकर झोपावे म्हणून गुंगी आणणारे खोकल्याचे औषध तर कधीच देऊ नये. अशा औषधाने झोपेचे स्वरूप बदलते आणि श्वसनही मंदावू शकते. ताप, सर्दी वा खोकला झाला असल्यास आधी प्रयोगशाळेला कळवावे. चोंदलेल्या नाकाने घेतलेली नोंद नेहमीच्या रात्रीचे चित्र दाखवीत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात धुके, धूर व सर्दी यांचा जोर असतो, हे तारीख घेतानाच लक्षात ठेवणे योग्य.

राजधानी परिसरातील सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो. फरिदाबाद किंवा गाझियाबादहून संध्याकाळच्या गर्दीत निघालेले मूल गाडीत तास-दीड तास पेंगते आणि मग रुग्णालयात मध्यरात्रीपर्यंत टक्क जागे राहते. दुपारीच निघावे, किंवा वाटेत गोष्टी-गाण्यांत मुलाला गुंतवून जागे ठेवावे. जे मूल एरवी दुपारी झोपत नाही, त्याला त्या दिवशी निजवू नये. ज्याला वामकुक्षीची सवय आहे, त्याच्याविषयी प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. रात्रीचे जेवण वेळेवर व्हावे. सोबत पुढून बटणे असलेला सदरा व पायजमा, नेहमीचे पांघरूण, आवडते खेळणे, गोष्टीचे पुस्तक आणि लागत असल्यास दुधाची बाटली व लंगोट घ्यावेत.

ती रात्र

तारा लावताना मूल मांडीवर बसलेले असावे आणि त्याचे लक्ष चित्रात किंवा गोष्टीत गुंतलेले असावे. पहिली पट्टी बाहुलीला, दुसरी मुलाला, ही युक्ती येथेही चालते. एखादे उपकरण मुलाने ओढून काढले, तर घाबरण्याचे कारण नाही. नाकाची नळी, बोटाचे उपकरण यांसारखी साधने मूल झोपल्यावरही बसविता येतात. सगळ्या तारा एका छोट्या पेटीला जोडलेल्या असतात आणि ती सुटी करता येते, त्यामुळे लघवीला जाण्यात अडचण नसते. पालकांनी स्वतः मोबाइल बंद ठेवून शांतपणे पडून राहावे. रात्री मूल कण्हले किंवा कूस बदलली, तर लगेच उचलू नये. नेमकी तीच हालचाल तपासणीला हवी असते. सकाळी कोमट पाण्याने चिकट लेप निघून जातो. अनुभवी तज्ज्ञाला संपूर्ण रात्रीची नोंद टप्प्याटप्प्याने वाचावी लागते, त्यामुळे अहवालास काही दिवस लागतात.

विशेष गरजांची बालके

डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत निद्राश्वासावरोध आढळतो आणि लक्षणांवरून त्याचा अंदाज नीट लागत नाही. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०११ साली अशा प्रत्येक मुलाची चौथ्या वर्षापर्यंत निद्रा-तपासणी करण्याची शिफारस केली. २०२२ च्या सुधारित शिफारशीत तीन ते चार वर्षे हे वय सांगितले आहे. स्नायुविकार व जबड्याची जन्मजात व्यंगे असलेली मुलेही या गटात येतात. स्वमग्न मुलांना स्पर्श व अनोळखी जागा अधिक त्रासदायक वाटते. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची आधी एक भेट, खोलीची छायाचित्रे आणि चित्रांतून मांडलेला घटनाक्रम यांचा उपयोग होतो. ज्यांना तपासणीची गरज सर्वाधिक, त्यांनाच ती सर्वांत कठीण जाते. तयारीवरील खर्च कोठे प्रथम व्हावा, याचे उत्तर या विसंगतीतच आहे.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांसाठी तपासणी करण्याची ही देशव्यापी व्यवस्था आहे. डाउन सिंड्रोम आणि दुभंगलेले ओठ व टाळू यांचा तिच्या मूळ तीस आजारांच्या यादीत समावेश आहे, निद्राश्वासावरोधाचा नाही. ‘मूल बहुतेक रात्री घोरते काय?’ हा एक प्रश्न तपासणीच्या वेळी विचारण्यास यंत्रसामग्री लागत नाही.

दुसरी गरज निवडीची आहे. प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला निद्रा-प्रयोगशाळेत पाठविणे कोणत्याही देशाला परवडणार नाही. घरी रात्रभर प्राणवायू मोजून स्पष्ट दोष आढळला, तर तीव्र विकाराची मुले आधी ओळखता येतात. मात्र नोंद सामान्य आली म्हणून विकार नाही, असे मानता येत नाही. पालकांनी मोबाइलवर घेतलेले झोपेचे चित्रणही डॉक्टरांना प्राथमिक निर्णयास साहाय्य करते. अशा रीतीने प्रयोगशाळेतील रात्री खरोखर गरजू मुलांसाठी राखता येतील.

तिसरी गरज सर्वांत स्वस्त आहे. तारीख देताना पालकांच्या हाती त्यांच्या भाषेतील सचित्र पत्रक देणे, दहा मिनिटे बोलणे, शक्य असल्यास खोली दाखविणे आणि आदल्या दिवशी दूरध्वनीने मुलाच्या सर्दीची चौकशी करणे, एवढ्याने ही सेवा सुरू होऊ शकते. त्याचबरोबर किती रात्री अपुऱ्या राहिल्या आणि का, याची नोंद प्रत्येक प्रयोगशाळेने ठेवावी. नोंद नसेल तर सुधारणाही मोजता येत नाही. आरोग्य-अर्थसंकल्पात खाटा, यंत्रे व वेतन यांचे रकाने असतात, समजावून सांगण्याचा रकाना नसतो. परंतु महागड्या यंत्रातून उपयुक्त माहिती निघते की कोरी रात्र, हे बरेचदा त्या दहा मिनिटांवर ठरते. ती दहा मिनिटे तपासणीचाच भाग मानली गेली, तर तेवढ्याच खाटांत अधिक मुलांचे निदान होईल आणि सोनीपतहून मजुरी बुडवून आलेल्या पालकाला तीच रात्र दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागणार नाही.